घराचं काम, मिस्त्री आणि भाव : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

आमचं घर मानेवाडा भागात, १९९६ साली बांधलेलं. तेव्हापासून छताची गळती, दोन बाथरूम, तीनदा रंग, एकदा अख्खी वायरिंग आणि कूलरच्या पाण्यानं फुगलेली एक भिंत, एवढी कामं करून झाली. प्रत्येक कामाची वही ठेवली. त्यामुळे गल्लीत कोणाकडे काम निघालं की आधी माझ्याकडे येतात, "काकू, तुमचा तो मिस्त्री कसा आहे हो?" तेच तेच प्रश्न इतक्यांदा ऐकले की आता लिहूनच काढले.

चांगला मिस्त्री शोधायचा कुठे?

ज्यांच्या घरचं काम होऊन दोन पावसाळे गेलेत, त्यांच्याकडे. कालच रंगवलेली भिंत सगळ्यांचीच सुंदर दिसते. त्या घरच्यांना तीन गोष्टी विचारा. काम संपल्यावर बोलावलं तर आला का? शेवटचा हिशेब ठरल्याप्रमाणे झाला का? सामान किती उरलं? हा तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. सहा पोती सिमेंट आणि अर्धा ड्रम रंग उरला असेल, तर त्या माणसाला अंदाज येत नाही, किंवा दुकानदाराशी त्याचं काही जुळलेलं आहे.

हार्डवेअरच्या दुकानात विचारायला हरकत नाही. कोणता मिस्त्री उधारी बुडवतो हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. पण तो नाव सुचवतो ते त्याच्याकडे गिऱ्हाईक आणणाऱ्याचंच, हेही लक्षात असू द्या.

सकाळी चौकातल्या ठिय्यावरून मजूर आणणं मलबा उचलायला, खोदायला, रेती वाहायला ठीक. वॉटरप्रूफिंगसाठी ठिय्यावरून माणूस आणू नका. गळती परत सुरू झाली की त्याला शोधायचं कुठे? मोबाइलच्या ॲपवर नळ बदलणं, पंखा लावणं अशा कामांना भाव आधीच दिसतो ही सोय आहे, पण दर वेळी नवा माणूस येतो आणि आधीच्यानं काय केलं ते त्याला माहीत नसतं.

पहिल्या भेटीत माणूस कसा ओळखायचा?

त्यानं टेप काढला का ते बघा. दारातूनच "वीस हजारात होऊन जाईल ना काकू" म्हणणाऱ्याला मी चहा पाजते आणि परत पाठवते. ज्याला काम कळतं तो आधी विचारतो: वरच्या मजल्यावर बाथरूम कुठे आहे, टाकी कुठे, ओल बारा महिने असते की फक्त पावसात, उन्हाळ्यात कूलर कोणत्या खिडकीला लागतो. हा शेवटचा प्रश्न नागपुरात फार कामाचा. खिडकीखालची भिंत ओली दिसली की लोक पाइप फुटला म्हणून भिंत फोडायला निघतात, आणि निघतं काय, तर कूलरच्या टाकीतून चार महिने ठिबकलेलं पाणी.

दुसरी खूण, तो कधीतरी "नाही" म्हणतो. आमच्या एका सुतारानं स्वयंपाकघराचं जुनं कपाट पाहून सांगितलं, "ताई, फक्त पल्ले बदला, आतला सांगाडा सागवानी आहे." त्यानं त्या दिवशी स्वतःचं मोठं काम सोडलं. गेली बारा वर्षं आमच्याकडे दुसरा सुतार आलेला नाही.

भाव विचारला की "तुम्हीच समजून द्या ना भाऊ" म्हणणाऱ्याला काय सांगायचं?

नम्रपणे सांगायचं की समजत नाही म्हणूनच विचारतोय. मिस्त्रीचं ते वाक्य बहुतेक वेळा लबाडीनं म्हटलेलं नसतं. भाव बोलायचा त्यालाही संकोच असतो, आणि आपण कमी सांगितला तर नुकसान, जास्त सांगितला तर काम गेलं, अशी भीतीही असते. पण काम संपल्यावर तुमचं समजणं आणि त्याचं समजणं यांत हजार-दोन हजारांचं अंतर निघतं, आणि चांगल्या ओळखीचा शेवट तोंड फिरवण्यात होतो. छोट्या कामालाही आकडा आधी बोलून घ्या. आकडा निघतच नसेल तर "तुझी एक दिवसाची रोजी किती आणि हे काम किती दिवसांचं?" एवढं विचारलं की बोलणं पुढे सरकतं.

काम रोजीनं द्यावं की ठेक्यानं?

जे मोजता येतं ते ठेक्यानं. लाद्या, प्लास्टर, रंग, फॉल्स सीलिंग यांचा चौरस फुटाचा दर ठरवा. स्कर्टिंग (भिंतीच्या पायाशी लावलेली लादीची पट्टी), ओट्याची कड, पाइप यांचा रनिंग फुटाचा, म्हणजे नुसत्या लांबीचा. विजेचं काम पॉइंटवर, म्हणजे दर दिवा, पंखा, सॉकेटमागे.

भिंत फोडल्याशिवाय कळणारच नाही असं काम मात्र रोजीनं द्या. गळती शोधणं, जुना पाइप उकरणं, वाळवी लागलेली चौकट काढणं. अशा कामाचा ठेका दिला तर मिस्त्री भीतीपोटी दुप्पट सांगतो, नाहीतर कमी सांगून अर्ध्यावर हात वर करतो. रोजीच्या कामावर मात्र तुम्ही घरी हवं. मी फळ्यावर रोज संध्याकाळी हजेरी लिहायची: मिस्त्री १, रेजा (बाई मजूर) १, अर्धा दिवस कुली. त्या लिखाणावरून कधी वाद झाला नाही.

सांगितलेला दर वाजवी आहे हे कळणार कसं?

रोजीवरून उलटा हिशेब करा.

एक मिस्त्री आणि एक मदतनीस मिळून साध्या खोलीत दोन बाय दोनच्या लाद्या दिवसाला साधारण ८० ते १०० चौरस फूट बसवतात. समजा मिस्त्रीची रोजी ९०० आणि मदतनिसाची ६०० धरली. हे आकडे हिशेब दाखवण्यापुरते, तुमच्या भागातली आजची रोजी चौकशी करून घाला. दिवसाचे झाले १,५००. मध्यम म्हणून ९० फुटांनी भागलं तर फुटाला सुमारे १७ रुपये नुसती मजुरी. त्यात कटरची पाती, येणं-जाणं, मधले रिकामे दिवस आणि ठेकेदाराचा हिस्सा धरला तर २० ते २२ हा रास्त आकडा होतो.

आता कोणी १२ सांगितले तर मला आनंद होत नाही, काळजी वाटते. हा भरून कुठून काढणार? लादीखाली पूर्ण माल न पसरता चार कोपऱ्यांना आणि मध्ये गोळे ठेवून. सहा महिन्यांनी लादीवर टिचकी मारली की ढब्ब वाजते, आणि एक दिवस गॅसचं सिलिंडर टेकवलं की तिथेच फुटते. कोणी ४० सांगितले तर तोही चोर ठरत नाही, पण कारण विचारा. चार बाय दोनच्या मोठ्या लाद्या आहेत, तिरपी मांडणी आहे, लाद्यांच्या फटींत इपॉक्सी ग्राउट भरायचंय, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय माल चढवायचाय, ही खरी कारणं. "आमचं काम फाइन असतं" हे कारण नाही.

प्लास्टरलाही हाच हिशेब लागतो. आतल्या भिंतीचं १२ मिलिमीटरचं प्लास्टर एक मिस्त्री दिवसाला साधारण ८ ते १० चौरस मीटर करतो, म्हणजे ८६ ते १०८ चौरस फूट.

दर ठरला, तरी बिल जास्त कसं येतं?

कारण तुम्ही भाव ठरवला, माप ठरवलं नाही. माझ्या वहीत जेवढी भांडणं नोंदलेली आहेत, त्यांतली बहुतेक मापाची आहेत.

आठ बाय पाचचं बाथरूम घ्या. चार भिंतींची लांबी २६ फूट. सात फुटांपर्यंत लाद्या लावल्या तर १८२ चौरस फूट. दार अडीच बाय सातचं, ते वजा केलं की १६४.५. खालची फरशी ४०. एकूण २०४.५. आता मिस्त्रीनं दार वजा केलंच नाही तर २२२. "वरची लादी कापून लावली, आठ फूट धरा" म्हणाला तर २६ गुणिले ८, अधिक ४०, म्हणजे २४८. दर तोच, बाथरूम तेच, फरक ४३.५ फुटांचा.

रंगाचंही असंच. बारा बाय दहाची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे भिंती ४४०, छत १२०, मिळून ५६०. त्यात दार २१ आणि खिडकी २० फुटांची. ही वजा करायची की नाही? आपल्याकडचे बहुतेक पेंटर करत नाहीत, कारण खिडकीच्या आतल्या कडा रंगवायला वेळ जातो. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. मोजमापाचं भारतीय मानक आयएस १२०० सुद्धा अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची, म्हणजे सव्वापाच फुटांच्या आसपासची भोकं वजा करू नका असंच सांगतं. मोठी दारं-खिडक्या वजा करायच्या का, हे कामाआधी बोला आणि दोघांनी मिळून टेप धरा. पेन्सिलीनं भिंतीवरच लिहून ठेवा, रंगाखाली जाईल.

रेतीचं माप आणखी फसवं. ती ब्रासनं येते, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉली रिकामी करायच्या आधी लांबी, रुंदी आणि आत काठी घालून खोली मोजा. कन्हानची असो की आणखी कुठली, ओलसर रेती फुगलेली असते, पाच-सहा टक्के ओलाव्याला आकारमान वीस-तीस टक्क्यांनी वाढतं. रेती हाताला ओलसर लागली तर भाव पुन्हा बोला.

तीन ठिकाणचे भाव काढावेत का?

काढा, पण तिघांना एकच यादी द्या. एकाचा भाव पुट्टीचे दोन हात धरून, दुसऱ्याचा एक हात धरून आणि तिसऱ्याचा जुना रंग घासण्याशिवाय, असे तीन कागद समोर ठेवून काही कळत नाही. आणि एकाचा भाव दुसऱ्याला दाखवून पाडू नका. तो दोनशे कमी करेल आणि पाचशेचं काम कमी करेल.

सामान आपण आणावं की "विथ मटेरियल" द्यावं?

वेळ असेल तर आपण. इतवारीतल्या लोहाओळीत कड्या-कोयंड्यांपासून पाइपापर्यंत सगळं मिळतं, प्लायवूड आणि लाकडासाठी लकडगंज. अर्धा दिवस जातो, पण चार दुकानांत तोच माल विचारला की भावाचा अंदाज येतो. मिस्त्रीला सोबत नेलं तर दुकानदार आणि तो एकमेकांकडे कसे बघतात तेही दिसतं.

कमिशनबद्दल लोक फार चिडतात. मी आता चिडत नाही. रंगाच्या डब्यात पेंटरसाठी कंपनीनंच टोकन किंवा स्कॅन करायचा कोड ठेवलेला असतो, म्हणून तो एकाच कंपनीचा हट्ट धरतो. टोकन त्याचं त्याला घेऊ द्या, फक्त कंपनी आणि प्रत तुम्ही ठरवा, आणि डबा तुमच्या समोर उघडायला सांगा. दुकानदार त्याला चार पैसे देत असेल आणि तरीही माल मला बाजारभावानं मिळत असेल, तर माझं काही गेलं नाही. बिलातच पैसे चढवून मागितले, तर मात्र दुकान बदला.

माल पाहताना एवढं बघा. सिमेंटच्या पोत्यावर तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, तीन महिन्यांपेक्षा जुनं पोतं परत करा. प्लायवूडवर आयएस ३०३ किंवा पाण्याच्या जागेसाठी आयएस ७१० हा शिक्का हवा. १९ मिलिमीटरचा बोर्ड कडेला मोजला की कधीकधी १७ भरतो, म्हणून खिशात छोटी पट्टी ठेवा. लाद्या पाच ते आठ टक्के जास्त घ्या, तिरपी मांडणी असेल तर दहाच्या वर, आणि सगळ्या बॉक्सवरचा बॅच नंबर एकच आहे ना ते पाहा. पुढच्या वर्षी त्याच छटेची लादी मिळत नाही.

"विथ मटेरियल" द्यायचंच असेल तर कंपनी, प्रत आणि नग कागदावर हवेत. "चांगल्या कंपनीचे नळ" असं लिहून उपयोग नाही.

ॲडव्हान्स किती द्यावा?

नुसत्या मजुरीचं काम असेल तर दहा ते वीस टक्के, तेही सामान येऊन पडल्यावर आणि माणसं कामाला लागल्यावर. पुढचे हप्ते तारखेवर नाही, कामाच्या टप्प्यावर. बाथरूमसाठी मी असे पाडते: तोडफोड आणि पाइप झाल्यावर एक, वॉटरप्रूफिंगची पाणी भरून चाचणी झाल्यावर दुसरा, लाद्या झाल्यावर तिसरा, नळ-भांडी बसवून सफाई झाल्यावर चौथा. शेवटचे दहा टक्के महिनाभर हातात.

हे मला शहाणपणानं सुचलेलं नाही. २००८ मध्ये एका ठेकेदाराला मी साठ टक्के आधी दिले. मुलीचं लग्न आहे म्हणाला, मलाही वाईट वाटलं. जुनी फरशी उखडून तो गेला तो गेलाच. आम्ही दीड महिना उघड्या कोब्यावर पाट टाकून अंघोळ केली. लग्न खरंच होतं, हे नंतर कळलं. माणूस खोटं बोलला नव्हता, पण माझे पैसे मांडवात गेले होते आणि माझ्या कामाला लागणारे पैसे तो दुसऱ्याच्या ॲडव्हान्समधून काढणार होता. तेव्हापासून अडचणीला मदत करायची तर वेगळी करते, कामाच्या हिशेबात घालत नाही.

आठवड्याच्या खर्चीला, म्हणजे शनिवारच्या उचलीला, नाही म्हणू नका. त्याच्या रेजांना आठवड्याला पैसे द्यायचे असतात. फक्त तारीख लिहा आणि सही घ्या.

लिहून घेतलं तर त्याला वाईट वाटणार नाही का?

कोर्टाचा कागद काढला तर वाटेल. वहीच्या पानावर, त्याच्यासमोर, त्याच्याच शब्दांत लिहिलं तर नाही वाटत. उलट चांगल्या मिस्त्रीला ते हवंच असतं, कारण "हेही तुझ्यातच होतं ना" म्हणणारी गिऱ्हाइकं त्यानंही भोगलेली असतात. माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

"मागचं बाथरूम. लाद्या आम्ही देणार. दर फुटाला अमुक, दार वजा, माप दोघांनी मिळून. जुनी फरशी काढणं दरात. मलबा गेटपर्यंत त्याचा, पुढे आमचा. पाइप भिंतीत बुजवण्याआधी फोटो. ढाळ नहाणीकडे (पाणी जायच्या जाळीकडे), बादलीभर पाणी टाकून दाखवणार. दिवस बारा. जास्तीचं काम निघालं तर आधी भाव, मग काम."

याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर त्यालाच पाठवते आणि "बरोबर आहे ना दादा?" विचारते. त्याचं "हो ताई" आलं की झालं. शेवटच्या ओळीनं माझे सगळ्यात जास्त पैसे वाचवले. चालू कामात "हेही करून टाक ना" म्हणायची आपलीच खोड असते.

जीएसटीचं बिल घ्यावं का?

सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणीची सक्ती नसते. म्हणजे एकट्या मिस्त्रीकडे जीएसटी नंबर नसणं स्वाभाविक. पण नंबर नसताना बिलात १८ टक्के लावता येत नाहीत. नंबर १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ नं सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो. मोठ्या कामाचे पैसे बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं तसंही कायद्यात बसत नाही.

काम कधी काढावं?

छताचं वॉटरप्रूफिंग मार्च-एप्रिलमध्ये. मृग लागायच्या आठ दिवस आधी सगळं नागपूर एकाच वेळी गच्चीवर चढतं, मग भावही चढतो आणि कामही घाईचं होतं. मे महिन्यात, त्यातही नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, प्लास्टर किंवा स्लॅब टाळता आलं तर टाळा. पंचेचाळीस अंशांत सकाळी मारलेलं पाणी अकरापर्यंत उडून जातं. काँक्रीटला उष्ण-कोरड्या हवेत किमान १० दिवस आणि पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर १४ दिवस पाणी हवं, प्लास्टरला सात. पाणी मारायचं काम कोणाचं, हे आधी ठरवा. मिस्त्री समजतो घरचे मारतील, घरचे समजतात मिस्त्रीचा पोऱ्या मारेल.

आणि जुलैत मोठं काम काढू नका. आपल्याकडचे कितीतरी मजूर-मिस्त्री भंडारा, गोंदिया, बालाघाटकडचे. रोवणी, म्हणजे धानाची लावणी, आली की ते गावी जातात, धान कापणीला पुन्हा जातात. एका वर्षी स्वयंपाकघर उघडं टाकून मिस्त्री गेला म्हणून मी फोनवर नको ते बोलले. पंधरा दिवसांनी आला, पाच किलो तांदूळ घेऊन आला, आणि काम नीट पूर्ण करून गेला. आता पहिल्याच भेटीत विचारते, "रोवणीला कधी जाणार?"

दिवाळीआधीच्या महिन्यात रंगाचा भाव वर्षातला सगळ्यात जास्त. गणपती उठायच्या आत पेंटर ठरवून ठेवा, नाहीतर संक्रांतीपर्यंत थांबा.

रंग दिला तरी भिंतीच्या भेगा दरवर्षी परत येतात. पेंटरनं फसवलं का?

बहुधा नाही. नागपूरच्या बऱ्याच भागांत घरं काळ्या मातीवर आहेत. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया उथळ असेल तर घर तिच्यासोबत हलतं. पुट्टी भरून भेग झाकता येते, घालवता येत नाही. जो पेंटर हे आधी सांगतो तो खरा. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी जाणारी, वर्षागणिक रुंदावणारी भेग असेल तर रंगावर खर्च करण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. घराभोवती पाणी साचत असेल तर ते आधी वळवा.

वॉटरप्रूफिंगची "दहा वर्षांची गॅरंटी" खरी मानावी का?

गॅरंटी देणारा दहा वर्षं त्या नंबरवर सापडेल का, हा खरा प्रश्न. मी कागदापेक्षा पाण्यावर जास्त विश्वास ठेवते. बाथरूममध्ये लाद्यांआधी नहाणीचं तोंड बंद करून चार बोटं पाणी किमान २४ तास उभं ठेवा आणि खालच्या मजल्यावरचं छत पाहा. गच्चीसाठी शेवटचे दहा टक्के पहिल्या मोठ्या पावसापर्यंत थांबवून ठेवायचं आधीच ठरवा. आधी म्हणजे काम सुरू व्हायच्या आधी. काम झाल्यावर पैसे अडवले तर ती तुमची लबाडी.

वायरिंगला ओळखीचा पोरगा चालेल का?

पंखा लावायला चालेल. नवी वायरिंग किंवा लोड वाढवणं असेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदारच हवा, आणि काम करणाऱ्याकडे तारतंत्रीचा (वायरमनचा) परवाना हवा. मीटरच्या सीलला कोणालाही हात लावू देऊ नका, ते महावितरणचं आहे.

दिव्यांना दीड, साध्या सॉकेटला अडीच, एसी आणि गीझरला चार चौरस मिलिमीटरची वायर, हे पानावर लिहा. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, बसवा. पॉइंटचा दर कमी करायला लोक पहिल्यांदा हा आणि अर्थिंग काढतात. विदर्भात दर उन्हाळ्यात लोखंडी कूलरचा शॉक लागून माणसं जातात. इथे मी भाव करत नाही.

मी बाई आहे म्हणून भाव जास्त सांगतात का?

कधीकधी. त्याहून जास्त वेळा "साहेब आले की बोलतो" म्हणतात. माझ्या घरी साहेबांना ओळंबा (भिंत सरळ आहे का ते पाहायचं वजन) म्हणजे काय ते माहीत नाही, आणि मी ते मिस्त्रीला हसत सांगते. टेपचं एक टोक आपण धरलं, गुनिया (काटकोन पट्टी) मागून कोपरा तपासला, की दुसऱ्या दिवसापासून बोलणं बदलतं. यावरून आठवलं, ठेकेदार रेजांना मिस्त्रीच्या पोऱ्यापेक्षाही कमी देतो का, ते एकदा विचारा. घमेली सगळ्यात जास्त त्याच वाहतात. आणि कामावर चौदा वर्षांखालचं पोर दिसलं तर काम थांबवा. तो गुन्हा आहे.

मलब्याचं काय करायचं?

ठरावात घ्या. नालीत किंवा रस्त्यावर टाकला तर महापालिकेचं उपद्रव शोध पथक दंड करतं, आणि तो दंड मिस्त्री नाही, तुम्ही भरता.

काम बिघडलं आणि मिस्त्री फोन उचलत नाही. आता?

आधी दुसऱ्या नंबरवरून फोन करा. विनोद नाही, अर्धी प्रकरणं इथे मिटतात, कारण तो पैशांना नाही, तुमच्या आवाजाला घाबरलेला असतो. "ये, बघ, काय करता येईल ते सांग" एवढंच म्हणा. आला नाही तर बिघाडाचे फोटो तारखेसह काढा, दुसऱ्या जाणकाराकडून दुरुस्तीचा खर्च लिहून घ्या आणि रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा.

ठेक्यानं दिलेलं काम ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली "सेवा" धरलं जातं. १९१५ या हेल्पलाइनवर बोला, नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. दिलेली रक्कम ५० लाखांच्या आत असेल तर प्रकरण जिल्ह्यातच चालतं, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. तुमच्या हुकमाखाली रोजीनं राबणाऱ्या मजुराचं काम मात्र यात सहसा बसत नाही, कारण कायद्यानं वैयक्तिक चाकरीचा करार बाहेर ठेवलाय. आयोगासमोर वहीचं पान, व्हॉट्सॲपचं "हो ताई" आणि बँकेचा व्यवहार, हे तिन्ही उपयोगी पडतात.

काम संपल्यावर मिस्त्री ९० दिवसांचं प्रमाणपत्र मागतो. द्यावं का?

महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणीसाठी त्याला मागच्या वर्षभरात किमान ९० दिवस बांधकामावर होतो हे दाखवावं लागतं. नोंदणी झाली की मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला मदत मिळते. तुमच्याकडे त्यानं जितके दिवस काम केलं तितकेच लिहून सही द्या, नव्वद नव्हे. आमच्या शेवटच्या मिस्त्रीला मी २३ दिवसांचं लिहून दिलं, फळ्यावरची हजेरी पाहून. बाकीचे ६७ तो त्रिमूर्तीनगरातल्या आणि बेसाच्या दोन घरांतून गोळा करून आला.